मसाला चहा घरी करताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चहाचा मसाला न्यायला येणारे ग्राहक एक प्रश्न हमखास विचारतात. मसाला तोच, चहा पावडर तीच, दूधही चांगलं, मग चहा एक दिवस फक्कड आणि दुसऱ्या दिवशी पांचट का होतो? आम्ही त्यांना उलट विचारतो, कशानंतर काय घातलंत? बहुतेक वेळा उत्तर येतं की पाणी, दूध, साखर, पावडर, आलं, मसाला असं सगळं एकदमच पातेल्यात घातलं आणि गॅस मोठा केला. बिघडतं ते इथेच. आल्याला चांगली उकळी लागते, वेलचीला ती सोसत नाही. चहा पावडरला पाण्यात दोन मिनिटं पुरतात, दूध मात्र त्यानंतरही थोडं आटायला हवं असतं. जिन्नस चांगले असूनही चहा बिघडतो, तो या वेळा चुकल्यामुळे. हे पत्रक त्या वेळांबद्दल आहे.

दोन कपांचं माप

कप म्हणजे आम्ही इथे १५० मिलीचा धरला आहे. पाणी २०० मिली, दूध १५० मिली. उकळताना साधारण ५० मिली वाफेवाटे जातं आणि दोन कप भरून उरतात. चहा पावडर दोन सपाट छोटे चमचे, म्हणजे ४ ते ५ ग्रॅम. आल्याचा अर्ध्या बोटाच्या पेराएवढा तुकडा, वेलदोडे दोन, साखर दोन ते तीन चमचे. तयार मसाला वापरणार असाल तर पाव चमचा, त्याहून जास्त नको. मसाला विकणाऱ्यांनीच हे सांगावं याचं काहींना नवल वाटतं, पण चहाची चव आधी आणि मसाल्याची त्यामागून यायला हवी. घोट घेतल्याबरोबर लवंग जाणवली तर तो काढा झाला.

म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध असेल तर पाणी थोडं वाढवा. फुल क्रीम पिशवीत किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ टक्के. स्निग्धांश मसाल्याचा वास धरून ठेवतो, म्हणून दाट दुधातला चहा जिभेवर रेंगाळतो. तेच दूध जास्त झालं तर चहाची धार बोथट होते. टोन्ड दूध वापरणाऱ्यांनी पाणी आणि दूध निम्मेनिम्मे घ्यावं.

आलं

आलं आधी, गार पाण्यातच घाला. खलबत्त्यात नुसतं ठेचायचं, लगदा करायचा नाही. किसलेलं आलं झटपट उतरतं खरं, पण तिखटपणा आवरत नाही आणि चहा गढूळ दिसतो. पाण्याला उकळी फुटल्यावर मंद आचेवर तीन मिनिटं राहू द्या. पाण्याचा रंग किंचित पिवळसर झाला आणि वाफेला आल्याचा वास आला की काम झालं.

दूध फाटल्याची तक्रार आमच्याकडे सर्वांत जास्त पावसाळ्यात येते आणि तिच्या मुळाशी पुष्कळदा आलंच असतं. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक पाचक द्रव्य असतं. दूध कोमट ते गरम होत असताना, साधारण ६० ते ७० अंशांच्या आसपास, ते जोरात काम करतं. चीनच्या दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतात याच गुणाचा उपयोग करून आल्याच्या रसानं दूध घट्ट विरजवतात आणि ते गोड म्हणून खातात. आपल्याला चहात ते नको असतं. पाण्यात खळखळून उकळलं की हे द्रव्य निकामी होतं, मग दूध घातलं तरी धोका नाही. म्हणून दुधात आलं टाकून दोन्ही एकत्र तापवायला ठेवू नका. बाकी दूधच आदल्या दिवशीचं आणि आंबटपणाकडे झुकलेलं असेल, तर आलं कधी घातलं याला अर्थ नाही, ते फाटणारच. शंका असेल तर दूध वेगळं तापवून पाहा.

ओलं आलं नसेल तेव्हा सुंठ चालते, पण ती आल्याची जागा जशीच्या तशी घेत नाही. वाळताना आल्यातल्या तिखट द्रव्याचं रूप बदलतं आणि तिखटपणा वाढतो, तर ताज्या आल्याचा लिंबासारखा वास कमी होतो. दोन कपांना सुंठेची पूड चिमूटभरच घ्या. सुंठेत पिठूळपणा असतो, जास्त झाली तर तळाशी साका बसतो.

दालचिनी, मिरी, लवंग ही कडक मंडळी अख्खी वापरणार असाल तर आल्याबरोबरच घाला, त्यांना उकळायला वेळ लागतो. दोन कपांना एक लवंग आणि दोन मिरी खूप झाली. दालचिनीची पूड मात्र जपून घाला, ती गरम पाण्यात फुगते आणि चहा बुळबुळीत लागतो.

महाबळेश्वर-पाचगणीकडच्या ग्राहकांसाठी एक वेगळी सूचना. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी १०० नव्हे तर साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं. आलं आणि खडा मसाला एक-दीड मिनिट जास्त ठेवा.

चहा पावडर

आपण घरात वापरतो ती दाणेदार चहा पावडर ‘सीटीसी’ पद्धतीची असते. पानं दातेरी रुळांमधून जाताना चिरडली, फाडली आणि वळवली जातात. १९३० च्या सुमारास आसामातल्या मळ्यांत हे यंत्र आलं. रुळांत पानाच्या पेशी फुटलेल्या असल्यामुळे अशी पावडर पाण्यात पडताच रंग सोडते. अख्ख्या पानाच्या दार्जिलिंग चहाला हे जमत नाही आणि मसाला व दूध घातल्यावर त्याचा नाजूक वास कुठेच राहत नाही. दुधाच्या चहाला आसामची दाणेदार पावडरच खरी. बारीक भुकटी आणखी लवकर उतरते आणि कडकही होते, पण एक मिनिट इकडचं तिकडे झालं तरी कडवटपणा येतो.

पावडर उकळत्या पाण्यातच घाला, दूध पडण्याआधी. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात. चहा उतरल्यावर हे व्हायला हवं असतं, कारण त्यानंच तो मऊ लागतो. पण पावडर थेट दुधात टाकली तर ती उतरायलाच वेळ लागतो, मग रंगासाठी आपण उकळत बसतो आणि उकळून उकळून कडवटपणा आणतो. पाण्यात दोन मिनिटं, मध्यम आचेवर, घड्याळ लावून. आमच्या अनुभवात घरच्या चहाचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. ‘अजून रंग आला नाही’ म्हणून उकळी लांबवली जाते. रंग गडद हवा असेल तर पुढच्या वेळी अर्धा चमचा पावडर वाढवा, मिनिटं वाढवू नका.

रंग चांगला न येण्याला कधी कधी पाणी कारण असतं. बोअरच्या जड पाण्यातला चहा काळपट दिसतो आणि वर तवंग धरतो. पाण्यातले क्षार आणि चहातली द्रव्यं एकत्र येऊन तो तवंग तयार होतो. अशा घरी पिण्याचं, गाळलेलं पाणी वापरून पाहा. फरक पहिल्याच कपाला कळतो.

दूध आणि शेवटची दोन मिनिटं

दूध वेगळ्या भांड्यात गरम करून घ्या. फ्रीजमधलं गार दूध ओतलं तर पातेल्याची उकळी बसते, ती परत येईपर्यंत पावडर आत भिजत राहते आणि तुम्ही मोजलेली दोन मिनिटं चार होतात. दूध घातल्यावर चहा एकदा वर येऊ द्या, आच कमी करा आणि दोन-तीन मिनिटं मंद उकळू द्या. मधून डावानं उंचावरून धार धरली तर साय जमत नाही. साखर कधी घातली यानं फारसं बिघडत नाही, आम्ही दुधाबरोबर घालतो.

आता वेलची. वेलचीचा सगळा वास तिच्या दाण्यांतल्या तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. सुरुवातीला घातलेल्या वेलचीनं स्वयंपाकघर दरवळतं, पण तो वास कपात येत नाही. म्हणून वेलदोडे सालीसकट ठेचून अगदी शेवटी घाला, गॅस बंद करा आणि झाकण ठेवून एक-दोन मिनिटं मुरू द्या. तयार मसाला पूडही याच वेळी घाला, कारण पूड झालेल्या जिन्नसाला उतरायला उकळी लागत नाही. मग गाळा.

गवती चहा घालणाऱ्यांनी दोन-तीन पाती गाठ मारून चहा पावडरीबरोबर टाकाव्यात आणि गाळताना काढाव्यात. गवती चहाबरोबर लवंग-दालचिनी घालू नये असं आमचं मत आहे. त्याचा वास हलका असतो, तो त्यांच्याखाली दबून जातो. नुसतं आलं आणि गवती चहा, विशेषतः पावसात, यासारखं दुसरं काही नाही.

गुळाचा चहा

गूळ आणि दूध एकत्र उकळलं की दूध फाटतं. गुळातला आंबटपणा आणि क्षार, त्यात वरून उष्णता, म्हणून असं होतं. गूळ पाण्यात विरघळवा, आलं आणि चहा पावडर त्याच पाण्यात उकळा, गॅस बंद करा, एक मिनिट थांबा आणि मग वेगळं उकळलेलं गरम दूध ओता. त्यानंतर पातेलं पुन्हा आचेवर ठेवायचं नाही. इतकं पाळूनही काही गुळांत दूध फाटतंच. तेव्हा दूध कपात वेगळं घेऊन त्यावर कोरा चहा गाळावा.

पाहुणे दहा असतील तर

दोन कपांच्या मापाला पाचानं गुणू नका. मोठ्या पातेल्यात त्या मानानं वाफ कमी जाते, म्हणून पाणी-दूध मिळून १७५० मिलीऐवजी १६०० च्या आसपास घ्या. आलं आणि मसाला चौपटच पुरतो. चहा पावडर आठ-नऊ चमचे. एकदाच करून थर्मासमध्ये भरणार असाल तर गाळून भरा. पावडर आत राहिली तर अर्ध्या तासात तो पिण्याजोगा राहत नाही.

पुण्याच्या अमृततुल्य दुकानासारखा चहा घरी का होत नाही, असंही विचारतात. तिथे पितळी पातेलं, दर वेळी खलबत्त्यात ताजी कुटलेली वेलची-सुंठ, फडक्यातून गाळणं आणि घरच्यापेक्षा सढळ साखर असते. पितळी भांडं घरी वापरणार असाल तर कल्हई केलेलंच वापरा. पण सगळ्यांत जवळ नेणारी गोष्ट म्हणजे ताजं कुटणं, आणि ते घरी सहज जमतं.

मसाला घरीच करायचा असेल तर

आमचं गिऱ्हाईक कमी होईल म्हणून हे लपवावं असं आम्हाला वाटत नाही. हिरवी वेलची २० ग्रॅम, सुंठ २० ग्रॅम, मिरी ५ ग्रॅम, दालचिनी ५ ग्रॅम, लवंग २ ग्रॅम, पाव जायफळ. सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घ्या, अख्खा गड्डा मिक्सरच्या पात्यांना झेपत नाही. काही भाजू नका, ओलसर वाटलं तर तासभर उन्हात ठेवा. थांबून थांबून फिरवा. सलग फिरवल्यानं भांडं तापतं आणि वेलचीचा वास दळतानाच निघून जातो. चाळून काचेच्या बरणीत भरा. दोन महिन्यांत संपेल इतकाच करा.

चहा पावडर आणि मसाला एका डब्यात ठेवू नका. चहा शेजारचा कोणताही वास ओढून घेतो, हिंगाचा आणि साबणाचासुद्धा. दोन्ही डबे गॅसपासून लांब ठेवा.

पावडर तपासायची असेल तर

ओल्या टिपकागदावर पावडर पसरा, थोडं पाणी शिंपडा, काही वेळानं झटकून कागद नळाखाली धरा. लाल-पिवळे ठिपके उरले तर वरून रंग दिलेला आहे. पावडरीवरून लोहचुंबक फिरवा. रुळांच्या झिजेनं एखादा बारीक कण चिकटू शकतो, पण गुच्छ चिकटला तर ती पावडर वापरू नका. पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक असतो, तो बघून घ्यायची सवय ठेवा.

जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहातली तुरट द्रव्यं जेवणातलं लोह अंगी लागू देत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहारविषयक सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. घरात कोणाचं रक्त कमी असेल तर हे कटाक्षानं पाळा. लहान मुलांना चहा देऊ नये. त्यांना हवंच असेल तर वेलची-सुंठ घातलेलं दूध द्या.

आमची पुडी फोडल्यावर वास मंद वाटला, तर वापरून संपवू नका. उरलेला मसाला पुडीसकट दुकानात आणून द्या, आम्ही बदलून देऊ आणि तो कोणत्या दळणातला होता ते तपासू.