शेवटचं घमेलं

ठाण्यात तलावाकाठी राहतो म्हटलं की मुंबईची पाहुणेमंडळी हेव्याने बघतात. मागच्या वर्षी मार्चमध्ये मात्र आमच्या खिडकीतून पाणी दिसतच नव्हतं. काठापासून काठापर्यंत हिरवी सतरंजी आणि तिच्यावर फिकट जांभळी फुलं. फोटोत फार सुंदर दिसायचं. सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी तोच फोटो आणि खाली तीच ओळ : शेवाळ वाढलंय, कोणीतरी बघा.

ते शेवाळ नव्हतं, जलपर्णी होती. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोचली, ती या फुलांच्या मोहानेच. पुढे तिथल्या नद्या-खाड्या इतक्या तुंबल्या की 1936 साली बंगालमध्ये खास जलपर्णीसाठी कायदा करावा लागला. आपल्या जागेतली जलपर्णी काढणं त्या कायद्याने लोकांवर बंधनकारक केलं. कायदा झाला, जलपर्णी राहिली. तिच्या देठाला फुगीर गाठ असते. ती चिरून पाहा, आत स्पंजसारखी हवेची जाळी दिसेल. म्हणून ती तरंगते आणि वारा नेईल तिकडे जाते. बी रुजायची वाटही ती बघत नाही : प्रत्येक रोपाला बाजूने धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला नवं रोप, आणि मधला दोरा तुटला की दोघांचे संसार वेगळे.

तलावाची काळजी घेणारं आमचं एक मंडळ आहे. त्याची बैठक शंकराच्या देवळाच्या ओट्यावर भरली. तक्रारी तऱ्हेतऱ्हेच्या होत्या. सकाळी फिरायला येणाऱ्यांना वास सहन होत नव्हता. मासेमारीचा ठेका घेतलेल्या दादांचं म्हणणं, पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकतायत. त्यांचं निरीक्षण अचूक होतं. गालिच्याखाली उजेड पोचत नाही, त्यामुळे पाण्यातली सूक्ष्म शेवाळं प्राणवायू तयार करू शकत नाहीत. वरून हवाही नीट मिसळत नाही, आणि तळाशी कुजणारी पानं उरलासुरला प्राणवायू खातात. रात्रभर नुसता खर्च चालतो, म्हणून टंचाई सर्वांत जास्त पहाटे.

सगळ्यात मोठा आवाज डासांचा होता. “या तलावामुळे आमच्या विंगेत डेंग्यू झाला,” असं एक ताई तावातावाने म्हणाल्या. डेंग्यूचा डास तलावात वाढत नाही. त्याला घराजवळचं साठलेलं पाणी लागतं, म्हणजे ड्रम, टायर, कुंडीखालची ताटली. हे सांगितल्यावर त्या माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. पण जलपर्णी डासांच्या बाबतीत निर्दोष आहे असंही नाही. मॅन्सोनिया नावाच्या डासांच्या अळ्या श्वास घ्यायला पृष्ठभागावर येत नाहीत. त्या पाणवनस्पतींच्या मुळांना टोचून तिथली हवा ओढतात. पाण्यावर तेल टाकून इतर डासांच्या अळ्या गुदमरतात, पण या अळ्या मुळांशी आरामात बसलेल्या असतात. गप्पी मासे सोडण्याचाही त्यांच्यावर फारसा उपयोग होत नाही. मुळं गेली की त्या जातात.

मग झालं श्रमदान. तीन रविवार, भाड्याचा एक पोकलेन, दोरखंड, दंताळी आणि शंभरेक माणसं. दोरखंडाने गालिचा काठाकडे ओढायचा, पोकलेनने उचलायचा. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी पाणी चमकलं, वडापाव वाटले गेले, फोटो निघाले. पलीकडच्या कोपऱ्यात थोडं राहिलं होतं. ते नंतर बघू, असं ठरलं. एप्रिल संपता संपता खिडकीतून पुन्हा सतरंजी दिसायला लागली.

बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका काकांना हे फार लागलं. चक्रवाढ व्याजात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी कागद घेतला. उबदार आणि सांडपाण्यावर पोसलेल्या पाण्यात जलपर्णी साधारण एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. त्यांनी हिशेबासाठी दहा दिवस धरले, आणि तलाव एक हेक्टरचा, म्हणजे 10,000 चौरस मीटर. आम्ही नव्वद टक्के काढली होती. उरलेली दहा टक्के दहा दिवसांत वीस, वीस दिवसांत चाळीस, तीस दिवसांत ऐंशी. साधारण 33 दिवसांत तलाव पूर्ववत. तीन रविवारांच्या घामाने आम्ही फक्त 33 दिवस विकत घेतले होते.

इथवर कोणीही येईल. काकांनी पुढची ओळ मांडली तेव्हा ओट्यावर शांतता झाली. नव्व्याण्णव टक्के काढली असती तर? 66 दिवस. 99.9 टक्के? 100 दिवस. म्हणजे दर टप्प्याला तेच 33 दिवस मिळतात, पण कष्ट प्रत्येक वेळी दहापट कमी. दाट गालिच्यात चौरस मीटरला 20 किलो माल सहज निघतो. पहिल्या टप्प्यात आम्ही सुमारे 180 टन उपसला. दुसरा टप्पा 18 टनांचा असता. तिसरा पावणेदोन टनांचा, म्हणजे तीसेक माणसांनी घमेल्याघमेल्याने अर्ध्या दिवसात संपवण्याजोगा. आम्ही महाग दिवस विकत घेतले आणि स्वस्त दिवस त्या कोपऱ्यात सोडून वडापाव खाल्ले.

प्रत्यक्षात वाढ इतकी ठरल्या वेगाने होत नाही. दाटी झाली की वेग मंदावतो, थंडीतही मंदावतो. पण त्यामुळे हिशेब आणखीच आपल्या बाजूला झुकतो : मोठी उपसणी डिसेंबर-जानेवारीत केली तर तेवढ्याच कष्टात जास्त दिवस मिळतात. पक्षी पाहणाऱ्या मुलांचाही आग्रह तोच होता. कमळपक्षी पावसाळ्यात तरंगत्या पानांवरच अंडी घालतो. तेव्हा दंताळी फिरवायची नाहीत. उपसणारे आणि पक्षी पाहणारे या दोन गटांचं भांडण अशा रीतीने कॅलेंडरने मिटवलं.

उपसलेला माल काठावर टाकून ठेवणं ही आमची दुसरी चूक. जलपर्णीत सुमारे 95 टक्के पाणी असतं, तेव्हा हेक्टरभर गालिच्याच्या 200 टनांतून कोरडा माल निघतो जेमतेम दहा टन. त्यात अदमासे दोन टक्के नायट्रोजन धरला तर 200 किलो होतो. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत साधारण 21 किलो नायट्रोजन असतो. म्हणजे तलावाच्या काठावर आम्ही नऊ-दहा गोण्या युरिया मांडून ठेवला होता, पहिल्या पावसाने पुन्हा पाण्यात जाण्यासाठी. आता माल लगेच हलवतो आणि खत करतो. ते खत फुलझाडांना, भाजीला नाही, कारण ही मुळं सांडपाण्यातले जड धातूही शोषतात. तपासणी केल्याशिवाय ते ताटात येऊ देणं बरं नव्हे.

“औषध मारा, एका दिवसात विषय संपेल,” असा सल्ला दर बैठकीत येतो. तणनाशकाने जलपर्णी मरते, पण ती तिथेच मरते. 200 टन एकदम कुजायला लागले तर आधीच धापा टाकणाऱ्या माशांचं काय होईल, हे ठेकेदार दादांनी माझ्यापेक्षा चांगलं समजावलं. भुंगेऱ्यांचा मार्ग जास्त शहाणा आहे. दक्षिण अमेरिकेतले निओकेटिना जातीचे भुंगेरे जवळजवळ फक्त जलपर्णीवर जगतात; प्रौढ भुंगेरे पान खरवडतात, त्यांच्या अळ्या देठ पोखरतात. भारतात ते 1983 मध्ये सोडले गेले. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात त्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मोठी मदत केली, तरी पुढे काही वर्षांनी जलपर्णी परतली. शिवाय त्यांना काम करायला वर्षं लागतात, आणि आपण झाडं उपसली की त्यांच्यासोबत भुंगेरेही डंपरमध्ये जातात. एवढ्याशा तलावाला हाताने काढणं परवडतं.

जलपर्णीला अन्न मुळात कुठून मिळतं, हा प्रश्न उरतोच. निर्माल्यावर आम्ही वर्षभर बोलतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. कलश ठेवले, बरंचसं तिथे पडतं. पण उत्तरेकडून येणाऱ्या पावसाळी गटारात भर उन्हाळ्यातही पाणी वाहतं. पावसाळी गटारात मे महिन्यात पाणी कसलं? त्यात कोणाची तरी न्हाणीघरं आणि संडास जोडलेले आहेत. तो पाठपुरावा चालू आहे. त्याला दंताळं लागत नाही, चपला झिजवाव्या लागतात.

दरम्यान दर बुधवारी दोघंजण तराफ्यावरून तलावाला एक फेरी मारतात आणि सुटी रोपं उचलतात. काका वहीत आकडा लिहितात : सतरा, नऊ, बावीस. गटाराच्या तोंडाशी बांबूचा अडसर तरंगत ठेवलाय, म्हणजे नवी आलेली तिथेच अडकतात.

यंदा मेमध्ये पाणी खाली गेलं आणि उघड्या पडलेल्या चिखलात बारीक हिरवी पाती उगवली. गवत समजून कोणी लक्षही दिलं नसतं. पण जलपर्णीचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं टिकतं, आणि रुजताना तिला ती ओळखीची गोल पानं नसतात, पट्टीसारखी लांबट असतात. काकांनी मुलांना एक पात उपटून दाखवली. तासाभरात मुलांनी घमेलं अर्धं भरलं. वहीत ‘रोपं’ आणि ‘पाती’ असे दोन रकाने पाडावे लागले.