केवड्यावर कार्बेन्डाझिम? डोस वाढवून काय होणार!

"भुरीला चालतं ते केवड्यालाही चालतं; नाहीच चाललं तर डोस वाढवा." भुरी आणि केवडा या द्राक्षवेलीच्या दोन रोगांवर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारण्याबद्दल द्राक्षबागांत हा सल्ला अजून ऐकू येतो. तो चूक आहे.

कार्बेन्डाझिम बुरशीला जाळत नाही. ते पेशीतल्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं. मग पेशीचे दोन भाग होताना गुणसूत्रं दोन्हीकडे ओढणारे धागे बनतच नाहीत, आणि वाढ थांबते. भुरीवर ते चालतं ते असं. केवड्याचा जीव मात्र खरी बुरशीच नाही, तो तपकिरी शेवाळांच्या गोतातला. त्याच्यावर या औषधाची मात्रा चालत नाही. कुलूपच वेगळं, तर किल्ली दोनदा फिरवून काय?

पान उलटून बघा. वरून तेलकट पिवळा डाग आणि खालून पांढरी लव, तर केवडा. राखेसारखी, बोटाने पुसली जाणारी पावडर, तर भुरी.

भुरीवरसुद्धा हेच औषध पुन्हा पुन्हा मारू नका. अनेक बुरशींत त्या प्रथिनातलं १९८ व्या जागेचं एकच अमिनो आम्ल बदललं की औषधाची पकड सुटते. मग डोस दुप्पट केला तरी खर्चच दुप्पट.