सेमिस्टर तिकीट

सेमिस्टर तिकीट : जर्मनीतील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी दर सत्राला वर्गणी भरून मिळवलेला सार्वजनिक वाहतुकीचा सामायिक पास. बस, ट्राम व उपनगरी रेल्वेने ठरलेल्या क्षेत्रात सहा महिने हवा तेवढा प्रवास करता येतो. एसटीच्या विद्यार्थी पासावर 66.67 टक्के सवलत शासन देते. सेमिस्टर तिकिटाचा मुख्य भार विद्यार्थी आपसांत वाटून घेतात, हा मूलभूत फरक आहे.

पहिले तिकीट 1991 साली डार्मस्टाटच्या तंत्रविद्यापीठात निघाले, असे जर्मन लेखनात सर्वसाधारणपणे मानले जाते. विद्यार्थ्यांच्या पैशावर बस चालवण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे 1968 मध्ये लंडनच्या दोन जुन्या दुमजली बस आणून विद्यार्थ्यांनीच सेवा सुरू केली आणि ती पुढे विद्यार्थी शुल्कावर उभी राहिली. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा ‘यू-पास’ही 1991चाच. पण साल जुळले म्हणून एकाचे मूळ दुसऱ्यात शोधणे सयुक्तिक वाटत नाही. सिअ‍ॅटलला वाहनतळाचे वाढीव शुल्क योजनेकडे वळवले गेले. जर्मनीत निवडून आलेली विद्यार्थी परिषद स्वतः वाहतूक मंडळाशी करार करते. ‘सर्वांनी भरायचे, सर्वांना मिळायचे’ ही कसोटी धरल्यास जर्मनीपुरता डार्मस्टाटचा मान ग्राह्य ठरतो.

वर्गणी सत्रशुल्कातच धरलेली असते. ते मुदतीत न भरणाऱ्याचा नुसता पास जात नाही, तर प्रवेशही धोक्यात येतो. अनेक ठिकाणी विद्यार्थ्याचे ओळखपत्र हेच तिकीट असे. तपासनीस आला की तेच कार्ड पुढे करायचे. सायकलने किंवा पायी येणाऱ्यालाही पैसे भरावे लागतात, आणि वादाचे मूळ तेथेच आहे. सक्तीविरुद्धचे प्रकरण संघीय प्रशासकीय न्यायालयात गेले. 12 मे 1999 रोजी त्या न्यायालयाने वर्गणी वैध ठरवली व 4 ऑगस्ट 2000 रोजी संघीय घटना न्यायालयाने तेच मत कायम केले. रस्त्यावरील व वाहनतळावरील ताण कमी होतो, पर्यावरणाला लाभ होतो आणि त्या मानाने प्रत्येकाचा भार थोडा आहे, असा निकालाचा आशय होता. गरजू विद्यार्थ्यांना रक्कम परत देण्यासाठी काही विद्यापीठांत त्याच वर्गणीतून साहाय्य निधी राखला जातो. या पद्धतीची माणुसकी त्यात दिसते.

म्युनिकने 2013 मध्ये मधला मार्ग काढला. सर्वांनी 59 युरो भरायचे. त्यात कामाच्या दिवशी संध्याकाळी 6 ते सकाळी 6 आणि शनिवार-रविवार दिवसभर प्रवास. पूर्णवेळ पास हवा असेल त्याने आणखी 141 युरो द्यायचे. भाडे-सायकल कंपन्यांशीही काही विद्यार्थी परिषदांनी असेच करार केले आहेत.

परिणामांचा अभ्यास अमेरिकेत अधिक झाला. ब्राउन, हेस व शूप या संशोधकांनी 2001 मध्ये 35 विद्यापीठांतील अशा योजना तपासल्या. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांचा बसप्रवास 71 ते 200 टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. सरासरी खर्च प्रतिविद्यार्थी वर्षाला 30 डॉलर होता.

1 मे 2023 रोजी देशभर चालणारे 49 युरोंचे मासिक ‘डॉइचलांड तिकीट’ आले आणि सेमिस्टर तिकिटाचा पायाच हलला. बाजारातील पास एवढा स्वस्त झाल्यावर सक्तीच्या वर्गणीचे समर्थन कशावर करायचे, ही विद्यार्थी परिषदांची रास्त चिंता होती. 2024च्या उन्हाळी सत्रापासून त्या तिकिटाच्या 60 टक्के दराने, म्हणजे महिना 29.40 युरोंत, देशव्यापी सेमिस्टर तिकीट देण्याची सोय झाली. 2025 मध्ये मूळ दर 58 युरो झाला, तसा विद्यार्थ्यांचा दरही 34.80 युरोंवर गेला.