२१८ गुण जिंकूनही हार

विम्बल्डन, २०१९. पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात रॉजर फेडररने २१८ गुण घेतले, नोव्हाक जोकोविचने २०४. पाचवा सेट, ८-७, ४०-१५, सर्व्हिस फेडररचीच. दोनपैकी एक गुण मिळाला की करंडक त्याचा. आपल्या सर्व्हिसवर शंभरातले ६५ गुण घेणारा खेळाडू ४०-१५ वरून तो गेम साधारण ९७ टक्के वेळा जिंकतो. फेडररचे दोन्ही गुण गेले, गेमही गेला आणि शेवटी जोकोविच जिंकला. टेनिसमध्ये एकूण बेरीज कुणी विचारत नाही. कुठले गुण घेतलेत, ते विचारतात. भाकीत करणाऱ्याची पंचाईत इथूनच सुरू होते.

तरी गणित मांडता येतं, आणि ते मोठं मजेशीर आहे. गुणांचा गेम, गेमांचा सेट, सेटांचा सामना अशी टेनिसची गुणपद्धत बारीक फरक फुगवते. सर्व्हिसवरचा प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर गेम राखण्याची ७४ टक्के होते. ६५ असेल तर ८३. पुढच्या पायऱ्यांवरही तेच. एक सेट जिंकण्याची शक्यता ७० टक्के असलेला खेळाडू तीन सेटांचा सामना ७८ टक्के वेळा जिंकतो, पाच सेटांचा ८४ टक्के वेळा. ग्रँड स्लॅममध्ये पुरुषांचे सामने पाच सेटांचे असल्याने दुबळ्याला निसटायला वाव कमी.

या हिशेबात एक गृहीतक दडलंय: प्रत्येक गुण आधीच्या गुणापासून स्वतंत्र आहे. क्लासेन आणि मॅग्नस या दोन संशोधकांनी १९९२ ते १९९५ मधल्या विम्बल्डनचे हजारो गुण तपासले. गुण अगदी स्वतंत्र नसतात, पण आधीच्या गुणाचा परिणाम फार थोडा, असं त्यांना आढळलं. समालोचक ज्या ‘लयी’बद्दल तासन् तास बोलतात, तिच्यावर माझा विश्वास तेव्हापासून कमी झाला.

आता कोण किती बलवान, हे ठरवायचं. अधिकृत क्रमवारी गेल्या ५२ आठवड्यांत कुठल्या स्पर्धेत कुठवर मजल मारली एवढंच मोजते; वाटेत कुणाला हरवलं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणून भाकीतकार बुद्धिबळातून आलेली एलो पद्धत वापरतात. तीत प्रत्येक खेळाडूच्या नावावर ताकदीचे गुण असतात आणि तगड्याला हरवलं की ते जास्त वाढतात. दोघांत १०० गुणांचं अंतर असेल तर वरचढ खेळाडूची शक्यता ६४ टक्के, २०० असेल तर ७६. कोर्टानुसार गुण वेगळे ठेवले तर अंदाज आणखी सुधारतो. पॅरिसच्या लाल मातीवर राफेल नदाल ११२ सामने जिंकला आणि फक्त ४ हरला. त्याच्यासाठी सगळ्या कोर्टांचा एकच आकडा वापरणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं.

एका सामन्यापुरतं हे ठीक. उपांत्यपूर्व फेरीत उभं राहून विजेता सांगायचा झाला की शक्यतांचा गुणाकार सुरू होतो. तिन्ही सामन्यांत ७० टक्के शक्यता असलेला खेळाडू विजेता होण्याची शक्यता ३४ टक्के. म्हणजे प्रत्येक सामन्यात पारडं त्याचंच जड, आणि तरी पैज त्याच्या विरुद्ध लावणं शहाणपणाचं!

त्यात पुढचा प्रतिस्पर्धी अजून ठरलेला नसतो. समजा ‘अ’ आजचा सामना ८० टक्के शक्यतेने जिंकेल. उपांत्य फेरीत त्याच्यासमोर ७० टक्के शक्यतेने ‘ब’ येईल, ज्याला तो ५५ टक्के वेळा हरवतो. नाहीतर ‘क’, ज्याला ८० टक्के वेळा. दोन्ही वाटा भारानुसार मिळवल्या की उपांत्य सामन्याचे ६२.५ टक्के होतात, आणि अंतिम फेरी गाठण्याचे बरोबर ५०. शेजारच्या कोर्टवर ‘ब’ हरला, तर ‘अ’ने रॅकेटही न उचलता त्याची शक्यता ६४ वर जाते. ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, उघडला म्हणतात तो हाच. शिवाय शेवटच्या आठांत पोहोचलेल्यांमधलं अंतर पहिल्या फेरीपेक्षा सहसा कमी असतं, त्यामुळे आकडे पन्नासच्या आसपास घुटमळतात.

आणि मग २००१ सारखं साल येतं. गोरान इव्हानिसेविच क्रमवारीत १२५ वा, विम्बल्डनमध्ये वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या खास प्रवेशावर आलेला. उपांत्य सामन्यात टिम हेनमनने तिसरा सेट ६-० असा घेऊन २-१ आघाडी मिळवली होती, तेवढ्यात पावसाने खेळ थांबवला. सामना रखडत तीन दिवस चालला. इव्हानिसेविचने तो पाच सेटांत जिंकला आणि सोमवारी पॅट्रिक राफ्टरला हरवून करंडकही उचलला.