जुने शेअर आयईपीएफकडून सोडवताना आधी बघा : इक्विटी की प्रेफरन्स?

कपाटातून शेअरचं जुनं कागदी सर्टिफिकेट निघालं की लोक थेट आयईपीएफ-५ फॉर्म, म्हणजे सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडून (आयईपीएफ) शेअर-पैसे परत मागण्याचा अर्ज, भरायला बसतात. जरा थांबा. सर्टिफिकेटवर काय छापलंय ते आधी वाचा.

इक्विटी (कंपनीच्या मालकीतला साधा वाटा) असेल आणि सलग सात वर्षं एकही लाभांश घेतला नसेल, तर शेअरच निधीकडे जातात. नंतरचा बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर), स्प्लिटही (एका शेअरचे अनेक) तिथेच जमा होतो आणि दाव्यात शेअरसोबत परत मिळतो. 'रिडीमेबल प्रेफरन्स' (ठरावीक मुदतीने कंपनी पैसे परत देते असे शेअर) असेल तर हिशेब वेगळा. त्यावर ठरलेल्या दराने लाभांश, तोही इक्विटीवाल्यांच्या आधी. पण मुदत भरली की कंपनी पैसे फेडून मोकळी. आजच्या कायद्यात ही मुदत, काही पायाभूत प्रकल्प सोडले तर, २० वर्षांपलीकडे जात नाही. फेडीची रक्कम सात वर्षं कुणी उचलली नाही, तर निधीत जाते ती तेवढी रक्कमच. तिला आजच्या इक्विटी भावाने गुणू नका.

'सात वर्षं उलटली, म्हणजे बुडाले' हेही खरं नाही. ती मुदत पैसे निधीकडे जाण्याची आहे, दाव्याची नाही.

खरी अडवणूक फॉर्मच्या आधीच होते. कंपनीच्या आरटीएकडून (भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) एनटायटलमेंट लेटर, म्हणजे तुमचा हक्क मान्य करणारं पत्र, लागतं आणि त्यासाठी केवायसी. सही जुळली नाही की आयएसआर-२ (सही पडताळणीचा फॉर्म) वर बँकेचं प्रमाणपत्र आणा म्हणतात; शाखेत मात्र तो फॉर्म कुणी पाहिलेलाच नसतो. खातं जुनं असलेल्या शाखेत जा, सोबत आरटीएचं पत्र न्या. सर्टिफिकेटवर 'व्ही. जी.' आणि आधारवर पूर्ण नाव, एवढ्यावरूनही फाईल परत येते. मूळ धारक हयात नसतील तर वारसांनी ट्रान्समिशनचे (शेअर वारसांच्या नावे करण्याचे) कागद आधी आरटीएकडे पूर्ण करावेत.

पॅन, आधार, रद्द चेक, डिमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद) हे नेहमीचंच. शेअर फक्त डिमॅटमध्येच परत येतात.

ऑनलाइन फॉर्म भरल्यावर त्याची प्रिंट, पोचपावती, मूळ इंडेम्निटी बाँड (नुकसानभरपाईचं हमीपत्र) आणि सही केलेली अ‍ॅडव्हान्स रिसीट (आगाऊ पावती) कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आयईपीएफचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवायची. दिल्लीला, आयईपीएफ प्राधिकरणाकडे, नव्हे! कंपनीने ३० दिवसांत पडताळणी अहवाल द्यायचा, प्राधिकरणाने त्यानंतर ६० दिवसांत निर्णय. हे दिवस धरून लग्नाचा हॉल मात्र बुक करू नका.

फॉर्मला सरकारी फी नाही. टक्केवारी मागणाऱ्या एजंटला हे आधी ऐकवा. आणि एका कंपनीसाठी आर्थिक वर्षात एकच दावा करता येतो, त्यामुळे त्या कंपनीचे सगळे फोलिओ (भागधारक खाते क्रमांक) शोधून झाल्याशिवाय सबमिट दाबू नका.