क्वांटम डॉट्सची व्हायल उघडण्याआधी

सर-मॅडम आणि संशोधक विद्यार्थी मित्रांनो,

आम्ही क्वांटम डॉट्स विकतो, म्हणजे यूव्ही प्रकाशात चमकणारे, काही नॅनोमीटरचे अर्धवाहक कण; पेशींवर खूण करायला ते वापरतात. “तुमच्या डॉट्सनी आमच्या पेशी मेल्या, लॉट बदलून द्या.” हा फोन आम्हाला नांदेडहून येतो, लातूरहून येतो, इथे छत्रपती संभाजीनगरातूनही येतो. आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: व्हायल यूव्ही दिव्याखाली किती वेळ होती? बहुतेक वेळा कळतं, की विभागात पाहुणे आले होते, चमक दाखवायला बाहेर काढली आणि मग ती तशीच टेबलावर राहिली.

घोटाळा तिथेच होतो. हवा आणि यूव्ही लागली की कॅडमियम सेलेनाइडच्या कणाचा (आमचे डॉट्स याचेच) पृष्ठभाग ऑक्सिडाइझ होतो आणि कॅडमियमचे आयन सुटून द्रावणात उतरतात. ते पेशीतल्या प्रथिनांच्या थायॉल (गंधकाच्या) गटांना धरतात आणि पेशी मरू लागतात. डेरफस, चॅन आणि भाटिया या संशोधकांनी २००४ मध्ये यकृताच्या पेशींवर हे दाखवलं. झिंक सल्फाइडचं कवच चढवल्यावर विषारीपणा बराच घटला, पण यूव्हीपुढे कवचही पुरतं टिकलं नाही. म्हणून आमचा माल कवचाचाच असला, तरी चमक दाखवायला एक जुनी व्हायल वेगळी ठेवा. प्रयोगाची व्हायल ४ अंशांवर, फॉइलमध्ये गुंडाळून. फ्रीझरमध्ये मात्र नको. पाण्यातले डॉट्स गोठले की गुठळ्या होतात, आणि त्या पुन्हा सुटत नाहीत.

शंका आली तर द्रावण सेंट्रिफ्यूगल फिल्टरमधून (फिरवून गाळणाऱ्या, डॉट्स वरच अडवणाऱ्या गाळणीतून) काढा आणि खाली उतरलेलं पाणी एकटंच पेशींना द्या. त्या पाण्यानेही पेशी मेल्या, तर दोष सुटलेल्या कॅडमियमचा किंवा उरलेल्या लिगंडचा (कणावर बसवलेल्या रेणूंचा) आहे. सोबत कॅडमियम क्लोराइडचा कंट्रोल (तुलनेचा नमुना) लावलात तर तुलना करता येते. मात्रेचा हिशोबही करून बघा. चार नॅनोमीटरच्या एका कणात कॅडमियमचे सहाशेच्या आसपास अणू असतात. म्हणजे दहा नॅनोमोलर डॉट्स सगळे विरघळले तर सहा मायक्रोमोलर कॅडमियम. आकडा लहान दिसतो म्हणून मात्रा लहान नसते.

“मग हे विष विकता कशाला?” असंही विचारतात. फिक्स केलेल्या (रसायनाने स्थिर केलेल्या, जिवंत नसलेल्या) पेशींच्या लेबलिंगला याच्याइतकी टिकाऊ चमक साध्या रंगात मिळत नाही, म्हणून विकतो. २०१२ मध्ये माकडांवरच्या अभ्यासात नव्वद दिवस तीव्र लक्षणं दिसली नाहीत, पण कॅडमियम यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडात साठून राहिलं. म्हणून आमच्या लेबलवर ‘सुरक्षित’ हा शब्द तुम्हाला दिसणार नाही. जिवंत पेशींवर दिवसेंदिवस काम करायचं असेल तर आधी आमच्याशी बोला. इंडियम फॉस्फाइडचे डॉट्स आम्ही ठेवतो. महाग पडतात, आणि अगदी निरुपद्रवी तेही नाहीत, पण कॅडमियमची भीती जाते.

उघडलेली व्हायल आम्ही परत घेत नाही, आणि शनिवारी माल पाठवत नाही. मे महिन्यात रविवारभर गोदामात पडलेल्या पार्सलचं काय होतं, हे आम्ही अनुभवलंय. एक मिलीलिटरचे छोटे पॅक तपकिरी काचेत याचसाठी भरतो: एक उघडा, संपवा, मग दुसरा. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. ‘कॅडमियम’ लिहिलेल्या वेगळ्या बाटलीत जमा करा. रिकाम्या बाटल्या आणि लेबल आम्ही ऑर्डरसोबत मोफत देतो.