एप्रिलच्या कॅप्टनांमागची तेरा वर्षे

‘एप्रिलचे कॅप्टन’ हा २००० सालचा पोर्तुगीज चित्रपट २५ एप्रिल १९७४ च्या लष्करी क्रांतीवर आहे. सांतारेमच्या घोडदळ प्रशालेतून मध्यरात्रीनंतर निघालेली तुकडी, रेडिओवरून इशारा म्हणून लागलेले गाणे, बंदुकीच्या नळीत खोचलेली लाल फुले हे सगळे त्यात आहे. पण ते कॅप्टन त्या रात्रीपर्यंत कसे पोहोचले, ते कळायला १९६१ पर्यंत मागे जावे लागते, आणि तिथे गोवा आहे.

पोर्तुगालमध्ये १९२६ मध्ये हुकूमशाही आणली ती लष्करानेच. पुढची चार दशके लष्कर हुकूमशहा सालाझारच्या राजवटीचा कणा होते. त्याला पहिला मोठा तडा डिसेंबर १९६१ मध्ये गेला. भारतीय सैन्य गोव्यात शिरणार हे दिसत असताना लिस्बनहून हुकूम आला की शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नाही. गव्हर्नर-जनरलने तो मानला नाही आणि १९ डिसेंबरला शस्त्रे खाली ठेवली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले. १९६२ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या वाट्याला संशय आणि अपमान आला. गव्हर्नर-जनरलसह काही अधिकारी लष्करातून बडतर्फ झाले. सरकारच्या हट्टाची किंमत आपल्याला मोजायला लावतात, हा धडा तरुण अधिकारी विसरले नाहीत. क्रांतीच्या इतिहासात गोव्याला मिळते त्याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी.

१९६१ मध्येच आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत स्वातंत्र्ययुद्धे पेटू लागली: आधी अंगोलात, १९६३ मध्ये गिनीत, १९६४ मध्ये मोझांबिकमध्ये. सक्तीच्या लष्करी सेवेची मुदत चार वर्षांपर्यंत गेली आणि त्यातली साधारण दोन आफ्रिकेत काढावी लागत. हजारो तरुण सीमा ओलांडून फ्रान्सला पळाले. लष्करी अकादमीत भरती होणारे घटत गेले आणि लष्करी कंपन्यांचे (तुकड्यांचे) नेतृत्व करायला कॅप्टनच पुरेनात.

यातूनच जुलै १९७३ चा ३५३/७३ क्रमांकाचा हुकूमनामा आला. सक्तीच्या सेवेतून वर आलेल्या हंगामी अधिकाऱ्यांनी अकादमीत संक्षिप्त अभ्यासक्रम केला की त्यांना कायम सेवेत घ्यायचे आणि त्यांची आधीची नोकरी ज्येष्ठतेत धरायची, अशी ही तरतूद. अकादमीत पूर्ण शिक्षण घेऊन आफ्रिकेत दोन-तीन फेऱ्या केलेल्या कॅप्टनच्या डोक्यावर कालचा हंगामी अधिकारी बसणार होता. ९ सप्टेंबरला दक्षिणेकडच्या अलेंतेजू प्रांतातल्या एका शेतवाडीवर शंभराहून अधिक अधिकारी गुपचूप जमले, ते याच कारणाने. सरकारने आधी दुरुस्ती केली, मग हुकूमनामा गुंडाळला, पण बैठका थांबल्या नाहीत.

क्रांतीचे विरोधक आजही इथेच बोट ठेवतात. त्यांच्या मते हे बढतीचे भांडण होते, लोकशाहीचा मुलामा नंतर चढवला. सुरुवात सेवाज्येष्ठतेच्या तक्रारीने झाली, हे खरेच आहे. पण तक्रार तेवढीच असती तर हुकूमनामा मागे घेतल्यावर अधिकारी घरी गेले असते. कॅप्टनांची टंचाई युद्धामुळे होती आणि युद्ध थांबवण्याची राजवटीची तयारी नव्हती, हे त्या बैठकांतच एकेकाच्या लक्षात येत गेले. गिनीत वाटाघाटींपेक्षा लष्करी पराभव परवडला, असे सालाझारनंतरच्या पंतप्रधानांनी तिथल्या गव्हर्नरला सांगितल्याची नोंद आहे. म्हणजे पुन्हा गोवाच! हरायचे सैनिकांनी आणि दोषही त्यांच्याच माथी.

१६ मार्च १९७४ चा काल्दास द राइन्या गावातल्या लष्करी छावणीचा उठाव फसला. पाच आठवड्यांनी दुसरा साधला. लिस्बनमध्ये टॅगस नदीकाठी सरकारनिष्ठ ब्रिगेडियरने रणगाड्याला गोळीबाराचा हुकूम दिला, तेव्हा आतल्या कॉर्पोरलने झाकण लावून घेतले आणि तो बाहेरच आला नाही. क्रांती शांततेची ठरली ती अशा नकारांमुळे. तरी ती पूर्ण रक्तहीन नव्हती. त्याच संध्याकाळी गुप्त पोलिसांनी आपल्या मुख्यालयातून जमावावर गोळ्या झाडल्या आणि चार नागरिक मेले.

पुढच्या दोन दिवसांत कशियश आणि पेनिशच्या तुरुंगांतले राजकीय कैदी सुटले. सांगलीकडून गोव्यात गेलेल्या एका मराठी शिक्षकाने गोवामुक्तीच्या लढ्यापायी १९६९ पर्यंत कशियशच्याच किल्ल्यात कारावास भोगला होता. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नव्या सरकारने दिल्लीत करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. बडतर्फ गव्हर्नर-जनरललाही सन्मानाने परत घेतले. एप्रिल १९७५ मध्ये निवडणूक झाली, नोव्हेंबरमध्ये लष्करातले गट एकमेकांसमोर उभे ठाकले आणि १९७६ मध्ये राज्यघटना आली.

चित्रपटाचा नायक असलेल्या सांतारेमच्या कॅप्टनने कुठलेही राजकीय पद घेतले नाही. देशाच्या असाधारण सेवेसाठीचे निवृत्तिवेतन त्याने मागितले, तेव्हा सरकारने ते दिले नाही. तेच निवृत्तिवेतन गुप्त पोलिसांच्या दोन माजी अधिकाऱ्यांना मात्र मंजूर झाले. एप्रिल १९९२ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, तो कर्करोगाने गेला.